इचलकरंजी वस्त्रोद्योग आणि पर्यावरणीय शाश्वतता

इचलकरंजी वस्त्रोद्योग आणि पर्यावरणीय शाश्वतता हा विषय महाराष्ट्राच्या कोल्हापूर जिल्ह्यातील इचलकरंजी शहर व परिसरातील कापडनिर्मितीचा पाणी, हवा, ऊर्जा व मानवी आरोग्यावर होणारा परिणाम आणि तो कमी करण्यासाठी वस्त्रकंपन्या करीत असलेल्या किंवा करू शकतील अशा उपायांशी संबंधित आहे. यंत्रमागांच्या मोठ्या संख्येमुळे इचलकरंजीला ‘महाराष्ट्राचे मँचेस्टर’ असे म्हटले जाते. हे शहर पंचगंगा नदीच्या काठी, कोल्हापूरच्या पूर्वेस सुमारे ३० किलोमीटरवर वसलेले आहे. ज्या नदीच्या पाण्यावर येथील कापड धुतले व रंगवले गेले, त्याच नदीच्या प्रदूषणामुळे शहराला पिण्याचे पाणी दुसऱ्या नद्यांतून आणण्याची वेळ आली. त्यामुळे येथे शाश्वततेचा प्रश्न हा केवळ निर्यातीच्या बाजारपेठेचा किंवा प्रमाणपत्राचा राहिलेला नाही. तो शहराच्या पाण्याचा आणि शेजारच्या तालुक्यांशी असलेल्या संबंधांचाही प्रश्न बनला आहे.

पार्श्वभूमी

कोल्हापूर परिसरातील आधुनिक वस्त्रोद्योगाचा आरंभ विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात झाला. इ.स. १९०४ मध्ये विठ्ठलराव दातार यांनी इचलकरंजीत पहिला यंत्रमाग सुरू केला. इचलकरंजीचे जहागीरदार नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांनी या उद्योगास प्रोत्साहन दिले. इ.स. १९०६ मध्ये राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात ‘श्री शाहू छत्रपती स्पिनिंग अँड वीव्हिंग मिल’ या गिरणीची स्थापना केली. कोल्हापुरातील गिरणी एकाच छताखाली सूतकताई व विणकाम करणारी होती. इचलकरंजीत मात्र घरोघरी आणि लहान शेडमध्ये चार, आठ, बारा माग बसवून चालणारा विकेंद्रित उद्योग वाढला.

स्वातंत्र्योत्तर काळात सहकारी चळवळीने या उद्योगाला बळ दिले. डेक्कन सहकारी सूतगिरणी, इंदिरा गांधी महिला सहकारी सूतगिरणी यांसारख्या संस्थांमुळे सूत स्थानिक पातळीवर उपलब्ध होऊ लागले. इ.स. १९८२ मध्ये दत्ताजीराव कदम टेक्निकल एज्युकेशन सोसायटीने, म्हणजेच डीकेटीईने, येथे वस्त्र अभियांत्रिकीचे महाविद्यालय सुरू केले. पुढे साध्या मागांच्या जोडीला रेपियर व एअरजेट हे धोटाविरहित माग आले. कागल-हातकणंगले पंचतारांकित औद्योगिक वसाहतीच्या परिसरात उंची सुती शर्टिंग तयार करणारे मोठे कारखानेही उभे राहिले. त्यांपैकी मूळच्या तुर्की मालकीची सोक्टास इंडिया ही कंपनी इ.स. २०१९ मध्ये ग्रासिम इंडस्ट्रीजने विकत घेतली. इ.स. २०२२ मध्ये इचलकरंजी नगरपरिषदेचे महानगरपालिकेत रूपांतर झाले.

उद्योगाची रचना

इचलकरंजीत कापूस ते कापड हा प्रवास क्वचितच एका मालकाच्या हाताखाली पूर्ण होतो. सूतगिरणी सूत कातते, सायझिंग कारखाना ताण्याच्या सुताला खळ देऊन बीम भरतो, यंत्रमागधारक कापड विणतो, प्रोसेस कारखाना कोरे कापड धुऊन, विरंजन करून रंगवतो, आणि त्यानंतर ते कपडे शिवणाऱ्या कारखान्याकडे किंवा व्यापाऱ्याकडे जाते.

अनेक यंत्रमागधारक ‘खर्चीवाले’ म्हणून ओळखले जातात. व्यापारी त्यांना सुताची बीमे देतो आणि विणलेल्या कापडाची मजुरी पिकांच्या संख्येवर ठरते. कोणता धागा घ्यावा, कोणती खळ वापरावी, कापड कोठे रंगवावे यांपैकी कोणताही निर्णय खर्चीवाल्याच्या हाती नसतो. त्यामुळे तयार कपडे विकणारी कंपनी आपल्या मालाला ‘पर्यावरणस्नेही’ म्हणते, तेव्हा त्या दाव्याची सत्यता तिच्या स्वतःच्या इमारतीपेक्षा या साखळीतील अनेक लहान कारखान्यांवर अवलंबून असते.

पर्यावरणीय परिणाम

कच्चा माल

कोल्हापूर जिल्हा प्रामुख्याने ऊस व भाताचा आहे. येथील गिरण्यांना लागणारा कापूस विदर्भ, मराठवाडा, खानदेश तसेच इतर राज्यांतून येतो. सुती कापडाच्या पर्यावरणीय परिणामांचा मोठा भाग म्हणूनच शेतावर, कारखान्यापासून शेकडो किलोमीटर दूर घडतो. इ.स. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकांची फवारणी करताना अनेक शेतकरी व शेतमजुरांना विषबाधा झाली आणि त्यांतील काहींचा मृत्यू झाला. कापसाच्या किमतीत न दिसणारी ही किंमत या घटनेमुळे चर्चेत आली.

सायझिंग आणि विणकाम

विणताना ताण्याचे धागे घर्षणाने तुटू नयेत म्हणून त्यांना स्टार्च, पॉलिव्हिनाइल अल्कोहोल इत्यादींची खळ दिली जाते. यासाठी वाफ लागते आणि बाष्पकात लाकूड, कोळसा किंवा शेतीतील अवशेष जाळले जातात. विणकामात पाणी फारसे लागत नाही. तेथे विजेचा वापर, सुती धूळ आणि मागांचा आवाज हे मुख्य प्रश्न असतात.

ओल्या प्रक्रिया

पाण्याच्या प्रदूषणाचा मोठा भाग प्रोसेस कारखान्यांत निर्माण होतो. कापडावरील खळ काढणे, कॉस्टिक सोड्यात उकळणे, विरंजन, मर्सरीकरण, रंगाई, छपाई व अंतिम संस्कार या क्रमाने कापड जाते आणि जवळजवळ प्रत्येक टप्प्यानंतर ते धुवावे लागते. पारंपरिक पद्धतीने एक किलो सुती कापडावर या सर्व प्रक्रिया करण्यासाठी साधारणपणे १०० ते १५० लिटर पाणी लागते.

प्रत्येक टप्प्याचे सांडपाणी वेगळ्या प्रकारचे असते. खळ काढलेल्या पाण्यात सेंद्रिय पदार्थ भरपूर असल्याने ते नदीतील प्राणवायू वेगाने खर्च करते. सुती कापडाच्या प्रक्रियेतील एकूण सेंद्रिय प्रदूषणाचा सुमारे निम्मा भार या एका टप्प्यातून येऊ शकतो. उकळणीचे व मर्सरीकरणाचे पाणी तीव्र अल्कधर्मी असते. रंगाईच्या पाण्यात कापडाला न चिकटलेला रंग आणि मीठ असते. सुती कापडासाठी सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या रिॲक्टिव्ह रंगांपैकी साधारण ६० ते ८० टक्केच भाग धाग्याशी पक्का बांधला जातो, उरलेला धुण्यात वाहून जातो.

पंचगंगा नदी

पंचगंगा ही कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त मानली जाणारी सरस्वती यांच्या संगमातून प्रयाग चिखली येथे सुरू होते आणि नृसिंहवाडी येथे कृष्णेस मिळते. सुमारे ८० किलोमीटर लांबीच्या या नदीवर राजाराम, सुर्वे, रुई, इचलकरंजी, तेरवाड व शिरोळ असे कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत. पावसाळ्यानंतर बंधाऱ्यांत बरगे घालून पाणी अडवले जाते. त्यामुळे उन्हाळ्यात ही नदी वाहती न राहता साठलेल्या पाण्याच्या तळ्यांची मालिका बनते. साठ्यात मिसळलेले सांडपाणी पातळ होत नाही, जलपर्णी पसरते आणि प्राणवायू कमी होऊन मासे मरतात. तेरवाड बंधाऱ्याजवळ मृत माशांचे खच आढळण्याच्या घटना वारंवार घडल्या असून शिरोळ तालुक्यातील ग्रामस्थ व शेतकरी संघटनांनी त्याविरुद्ध आंदोलने केली आहेत.

नदीच्या प्रदूषणाला केवळ वस्त्रोद्योग जबाबदार नाही. कोल्हापूर व इचलकरंजी शहरांचे मैलापाणी, नदीकाठच्या गावांचे सांडपाणी, साखर कारखाने व आसवनी प्रकल्प आणि शेतीतून वाहून येणारी खते यांचाही त्यात वाटा आहे. कोल्हापुरात कसबा बावडा येथे दररोज ७ कोटी ६० लाख लिटर क्षमतेचा मैलापाणी शुद्धीकरण प्रकल्प उभारण्यात आला. इचलकरंजीतील प्रक्रिया कारखान्यांचे व शहराचे सांडपाणी वाहून नेणारा ‘काळा ओढा’ हा मात्र या प्रश्नाचे सर्वाधिक दृश्य रूप ठरला आहे.

इ.स. २०१२ मध्ये इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली आणि त्यात अनेकांचा मृत्यू झाला. दूषित पाण्यातून पसरणारी कावीळ विषाणूजन्य असते व तिचा संबंध प्रामुख्याने मैलापाण्याशी असतो, रंगाईच्या रसायनांशी नसतो. तथापि या साथीमुळे नदीच्या एकूण अवस्थेकडे लक्ष वेधले गेले. पंचगंगेच्या प्रदूषणाचा प्रश्न जनहित याचिकेद्वारे मुंबई उच्च न्यायालयात गेला आणि नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने, म्हणजेच नीरीने, त्याचा अभ्यास केला.

पाण्याचा वाद

पंचगंगेचे पाणी पिण्यास अयोग्य ठरू लागल्याने इचलकरंजीने कृष्णा नदीतून पाणी आणले आणि पुढे आणखी स्रोतांचा शोध घेतला. वारणा नदीवरील दानोळी येथून पाणी आणण्याच्या योजनेला इ.स. २०१८ मध्ये वारणाकाठच्या गावांनी तीव्र विरोध केला. त्यानंतर दूधगंगा नदीवरील सुळकूड योजना पुढे आली व तिलाही दूधगंगा खोऱ्यातील शेतकऱ्यांनी विरोध केला.

विरोधकांचा मुख्य मुद्दा असा आहे, की शहराने आपल्या दारची नदी आधी स्वच्छ करावी. एका नदीचे प्रदूषण तसेच ठेवून दुसऱ्या नदीवर हक्क सांगू नये. शहरातील नागरिकांचे म्हणणे असे, की पिण्याचे पाणी ही मूलभूत गरज आहे आणि नदी शुद्ध होईपर्यंत लाखो लोकांना थांबवता येणार नाही. या वादामुळे सांडपाण्याच्या शुद्धीकरणाकडे पाहण्याची दृष्टी बदलली. प्रोसेस कारखान्यांचे सांडपाणी हा कारखानदार व प्रदूषण नियंत्रण मंडळ यांच्यापुरता विषय न राहता शहराच्या विश्वासार्हतेचा विषय झाला.

कायदेशीर चौकट

कारखान्यांच्या सांडपाण्यावर जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, १९७४ आणि पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ यांनुसार नियंत्रण ठेवले जाते. महाराष्ट्रात त्यांची अंमलबजावणी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ करते. ऑक्टोबर २०१६ मध्ये केंद्र सरकारने वस्त्रोद्योगाच्या सांडपाण्यासाठी सुधारित मानके अधिसूचित केली. त्यांतील प्रमुख मर्यादा पुढीलप्रमाणे आहेत:

- सामू: ६.५ ते ८.५
- जैवरासायनिक ऑक्सिजन मागणी: प्रतिलिटर ३० मिलिग्रॅम
- रासायनिक ऑक्सिजन मागणी: प्रतिलिटर २५० मिलिग्रॅम
- तरंगते घन पदार्थ: प्रतिलिटर १०० मिलिग्रॅम
- एकूण विद्राव्य घन पदार्थ: प्रतिलिटर २,१०० मिलिग्रॅम
- रंग: प्लॅटिनम-कोबाल्ट मापनानुसार १५० एकक

कर्करोगकारक अमाइन मुक्त करू शकणाऱ्या ठरावीक ॲझो रंगांवर जर्मनीने १९९० च्या दशकात निर्बंध आणले. त्यानंतर भारतानेही इ.स. १९९७ मध्ये अशा रंगांच्या हाताळणीवर बंदी घातली. भारतीय प्रतिभूती व विनिमय मंडळाने, म्हणजेच सेबीने, बाजारमूल्यानुसार पहिल्या १,००० सूचिबद्ध कंपन्यांना २०२२-२३ या आर्थिक वर्षापासून पर्यावरण, समाज व प्रशासनाविषयीचा विस्तृत अहवाल देणे बंधनकारक केले. इचलकरंजीतील बहुतांश कारखाने सूचिबद्ध नसल्याने त्यांना हा नियम थेट लागू होत नाही. मात्र त्यांच्याकडून कापड घेणाऱ्या मोठ्या कंपन्या अहवालासाठी पाणी, वीज व रसायनांची माहिती मागू शकतात.

कंपनीच्या पातळीवरील उपाय

मोजमाप

शाश्वततेकडे वळणाऱ्या कंपनीचे पहिले काम मोजमापाचे असते. प्रतिकिलो कापडामागे किती लिटर पाणी, किती युनिट वीज, किती किलो वाफ, किती मीठ व किती रंग लागला याची नोंद प्रत्येक यंत्रावर ठेवली जाते. संपूर्ण कारखान्यासाठी एकच पाणीमापक असल्यास गळती कोणत्या यंत्रावर आहे हे कळत नाही. विभागवार मापक बसवल्यावर अनावश्यक धुणे, उघडे राहिलेले नळ, वाफेची गळती आणि पुन्हा रंगवावा लागणारा माल लक्षात येतो. रंगछटा पहिल्याच प्रयत्नात जुळणे हा खर्च व प्रदूषण दोन्ही कमी करणारा सर्वांत सोपा उपाय मानला जातो, कारण चुकलेला घाण पुन्हा रंगवताना पाणी, वाफ व रसायने जवळजवळ दुप्पट लागतात.

मिठाचा प्रश्न

रिॲक्टिव्ह रंग धाग्यात शिरावा म्हणून रंगाईच्या द्रावणात मीठ घातले जाते. उदाहरणादाखल, एक किलो कापडासाठी आठ लिटर द्रावण आणि प्रत्येक लिटरमध्ये ६० ग्रॅम मीठ असे प्रमाण धरले, तर एका किलो कापडामागे ४८० ग्रॅम मीठ लागते. हे मीठ कापडात राहत नाही, सर्वच्या सर्व सांडपाण्यात जाते. एक किलो कापडामागे एकूण १२० लिटर सांडपाणी निघाले, तर केवळ या मिठामुळे विद्राव्य घन पदार्थांचे प्रमाण प्रतिलिटर ४,००० मिलिग्रॅम होते. हे २,१०० च्या मर्यादेच्या जवळजवळ दुप्पट आहे.

या हिशेबातून एक महत्त्वाची गोष्ट स्पष्ट होते. कंपनीने मीठ तेवढेच ठेवून पाण्याचा वापर निम्म्यावर आणला, तर पाण्याची बचत होते, पण सांडपाण्यातील मिठाची तीव्रता दुप्पट होते. पाणी मिसळून सांडपाणी पातळ करणे हा तर उपायच नव्हे, कारण नदीत जाणारे मीठ तेवढेच राहते. म्हणून पाणीबचत आणि मीठबचत एकत्र करावी लागते. त्यासाठी कमी द्रावणात चालणारी यंत्रे, कमी मिठात काम करणारे व अधिक प्रमाणात धाग्याला बांधले जाणारे रंग आणि ‘कोल्ड पॅड बॅच’ ही पद्धत वापरली जाते. या पद्धतीत कापड रंग व अल्कलीच्या द्रावणातून दाबून काढतात, रुळावर गुंडाळून प्लास्टिकने झाकतात आणि सामान्य तापमानाला अनेक तास फिरवत ठेवून मग धुतात. तीत मीठ लागत नाही आणि रंग पक्का होण्यासाठी वाफही लागत नाही. विणलेल्या सुती कापडाला ती विशेष योग्य आहे. मात्र रंगछटा जुळवण्यासाठी कुशल कारागीर, एकसारखे पूर्वसंस्कारित कापड आणि पुरेसा मोठा घाण आवश्यक असतो. लहान लहान जॉबवर्कच्या ऑर्डरींवर चालणाऱ्या कारखान्यांना ही अट अवघड जाते.

रसायनांची निवड

खळ काढण्यासाठी तीव्र रसायनांऐवजी अमायलेज विकर, उकळणीच्या जागी पेक्टिनेज विकर आणि विरंजनानंतर उरलेले हायड्रोजन पेरॉक्साइड नष्ट करण्यासाठी कॅटलेज विकर वापरता येते. कॅटलेजमुळे धुण्याचे एकदोन फेरे वाचतात. क्लोरीनयुक्त विरंजनाऐवजी पेरॉक्साइड वापरल्यास क्लोरीनयुक्त सेंद्रिय संयुगे तयार होत नाहीत. मर्सरीकरणातील कॉस्टिक सोडा बाष्पीभवनाने पुन्हा दाट करून वापरता येतो. सांडपाण्याच्या शेवटी शुद्धीकरण करण्यापेक्षा घातक रसायन कारखान्यात येऊच न देणे, हे तत्त्व इ.स. २०११ मध्ये सुरू झालेल्या ‘झेडडीएचसी’ या आंतरराष्ट्रीय कार्यक्रमाच्या मुळाशी आहे.

ऊर्जा

प्रोसेस व सायझिंग कारखान्यांत ऊर्जेचा मोठा वाटा उष्णतेचा असतो. वाफेच्या नळ्यांना आवरण देणे, थंड झालेले वाफेचे पाणी बाष्पकात परत नेणे, स्टेंटर यंत्रातून बाहेर पडणाऱ्या गरम हवेची आणि गरम सांडपाण्याची उष्णता पुन्हा वापरणे हे तुलनेने कमी खर्चाचे उपाय आहेत. यंत्रमाग शेडच्या छतावर सौर पॅनेल बसवता येतात. राज्याच्या २०२३-२८ च्या वस्त्रोद्योग धोरणात सौर ऊर्जेच्या वापरास प्रोत्साहन देण्यात आले आहे. मात्र खर्चीवाल्या यंत्रमागधारकाकडे भांडवल कमी असते, शेड अनेकदा भाड्याची असते आणि यंत्रमागाला मिळणारी वीजदर सवलत हाच त्याच्या उत्पन्नाचा आधार असतो. अशा स्थितीत सौर पॅनेल किंवा कमी वीज खाणारी मोटार यांवरील खर्च कोणी करावा, हा प्रश्न तांत्रिक नसून आर्थिक आहे.

सांडपाणी शुद्धीकरण

लहान कारखान्यांना स्वतंत्र शुद्धीकरण परवडत नसल्याने इचलकरंजीत सामायिक सांडपाणी प्रक्रिया प्रकल्पांचा मार्ग स्वीकारण्यात आला. इचलकरंजी टेक्स्टाइल डेव्हलपमेंट क्लस्टरच्या प्रकल्पाची क्षमता दररोज १ कोटी २० लाख लिटर आहे. अशा प्रकल्पात प्रथम सांडपाणी एकत्र करून त्याचा सामू जुळवतात, रसायनांनी गाळ खाली बसवतात आणि नंतर जिवाणूंच्या साह्याने सेंद्रिय पदार्थांचे विघटन करतात.

जैविक प्रक्रियेने सेंद्रिय भार कमी होतो, परंतु विरघळलेले मीठ तसेच राहते. ते काढण्यासाठी व्यस्त परासरण आणि बहुस्तरीय बाष्पीभवन करावे लागते. यातून शुद्ध पाणी पुन्हा कारखान्यात वापरले जाते आणि बाहेर काहीच सोडले जात नाही. या व्यवस्थेस ‘शून्य द्रव विसर्ग’ म्हणतात. तामिळनाडूतील तिरुपूर येथे नोय्यल नदीच्या प्रदूषणावरून मद्रास उच्च न्यायालयाने इ.स. २०११ मध्ये रंगाई कारखाने बंद करण्याचा आदेश दिला. त्यानंतर तेथील उद्योगाने ही व्यवस्था मोठ्या प्रमाणावर स्वीकारली. तिची किंमतही मोठी आहे: बाष्पीभवनासाठी इंधन व वीज लागते, कार्बन उत्सर्जन वाढते आणि शेवटी उरणाऱ्या मिश्र क्षारांची सुरक्षित विल्हेवाट लावावी लागते. त्यामुळे मिठाचा वापर मुळातच कमी करणाऱ्या कारखान्याला शून्य द्रव विसर्ग अधिक परवडतो.

सामायिक प्रकल्पाचे यश सभासद कारखान्यांच्या शिस्तीवरही अवलंबून असते. एखाद्या कारखान्याने अचानक तीव्र अल्कधर्मी किंवा विषारी सांडपाणी सोडले, तर शुद्धीकरण करणारे जिवाणू मरतात आणि सर्वांचेच पाणी अशुद्ध राहते. यासाठी प्रत्येक कारखान्यात प्राथमिक प्रक्रिया, आत येणाऱ्या पाण्याची सतत तपासणी आणि प्रदूषणाच्या प्रमाणात शुल्क आकारणी हे उपाय सुचवले जातात.

धागा व पुरवठा साखळी

कंपनी सेंद्रिय कापूस, ‘बेटर कॉटन’ पद्धतीचा कापूस किंवा पुनर्प्रक्रिया केलेला धागा निवडू शकते. सेंद्रिय वस्त्रांसाठी ‘गॉट्स’ हे मानक शेतापासून शिवणकामापर्यंतच्या प्रत्येक टप्प्याचे प्रमाणीकरण मागते, तर इ.स. १९९२ मध्ये सुरू झालेले ‘ओको-टेक्स स्टँडर्ड १००’ तयार मालातील घातक पदार्थांची चाचणी करते. या दोहोंतील फरक ग्राहकांच्या अनेकदा लक्षात येत नाही. दुसरे मानक कापड अंगाला सुरक्षित असल्याचे सांगते, मात्र ते रंगवताना नदीत काय सोडले गेले हे सांगत नाही.

विकेंद्रित उद्योगात प्रमाणित आणि साधे सूत एकाच सायझिंग कारखान्यात व शेजारच्या मागांवर चालते. मिसळ टाळण्यासाठी बीमवर खुणा करणे, स्वतंत्र साठवण आणि प्रत्येक व्यवहाराचे प्रमाणपत्र ठेवणे आवश्यक ठरते.

कामगार

वस्त्रोद्योगाच्या शाश्वततेत कामगारांचे आरोग्यही गणले जाते. धोट्याच्या मागांच्या सततच्या आवाजाने श्रवणशक्ती कमी होऊ शकते आणि सूतगिरणीतील कापसाच्या धुळीमुळे बिसिनोसिस हा फुप्फुसाचा विकार होतो. धोटाविरहित मागांनी उत्पादन वाढते, मात्र एका कामगाराकडे अधिक माग सोपवले जाऊन रोजगार घटण्याची शक्यता असते. प्रक्रिया कारखान्यांत रसायने हाताळणाऱ्यांना हातमोजे, चष्मा व प्रशिक्षण देणे हा किमान उपाय मानला जातो.

कचरा व पुनर्वापर

कातताना निघणारा कापसाचा कचरा जाड सुतासाठी वापरता येतो आणि शिवणकामातील चिंध्यांचे तंतू मोकळे करून पुन्हा धागा काढता येतो. भारतात अशा पुनर्प्रक्रियेचे मोठे केंद्र हरियाणातील पानिपत हे आहे. दक्षिण महाराष्ट्रात जुनी लुगडी व धोतरे एकावर एक ठेवून हाताने टाके घालून वाकळ शिवण्याची परंपरा आहे. कापडाचे आयुष्य वाढवणारा हा घरगुती पुनर्वापर सुती कापडामुळे शक्य होता. पॉलिस्टरमिश्रित कापडाचे तंतू वेगळे करणे कठीण असल्याने त्याची पुनर्प्रक्रिया अधिक अवघड ठरते.

पडताळणी आणि टीका

पर्यावरणस्नेही असल्याच्या अतिरंजित किंवा निराधार दाव्यांना ‘ग्रीनवॉशिंग’ म्हणतात. इ.स. २०२० मध्ये भारतातील सेंद्रिय कापसाच्या व्यवहारात बनावट प्रमाणपत्रांच्या आधारे सुमारे २०,००० टन कापूस सेंद्रिय म्हणून दाखवल्याचे गॉट्सच्या तपासणीत उघड झाले. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पर्यावरणविषयक दिशाभूल करणाऱ्या दाव्यांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. ‘नैसर्गिक’, ‘हरित’, ‘पर्यावरणस्नेही’ अशा शब्दांना पुराव्याची जोड असावी, अशी त्यांची अपेक्षा आहे.

इचलकरंजीच्या संदर्भात आणखी एक टीका केली जाते. खरेदीदार कंपन्या पुरवठादारांकडून स्वच्छ उत्पादनाची अपेक्षा करतात, परंतु कापडाचा दर वाढवून देत नाहीत. शुद्धीकरणाचा खर्च करणारा कारखाना स्पर्धेत मागे पडतो आणि रात्री ओढ्यात सांडपाणी सोडणारा स्वस्तात माल देतो. त्यामुळे कायद्याची सर्वांवर समान अंमलबजावणी ही प्रामाणिक कारखान्याच्या संरक्षणासाठीही आवश्यक असल्याचे प्रतिपादन केले जाते. दुसरीकडे, नदीकाठच्या शेतकऱ्यांच्या दृष्टीने प्रतिकिलो कापडामागील बचत पुरेशी नाही. उत्पादनच वाढत राहिले, तर प्रत्येक मीटरमागे प्रदूषण कमी होऊनही नदीवरचा एकूण भार वाढू शकतो. म्हणून कंपनीच्या प्रगतीचे मूल्यमापन करताना प्रतिकिलो आकड्यांच्या जोडीने ओढ्यात व नदीत पोहोचणारा एकूण भार आणि बंधाऱ्यांतील पाण्याची उन्हाळ्यातील गुणवत्ता पाहणे आवश्यक ठरते.

हवामान बदल

ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये पंचगंगेला आलेल्या महापुरांनी कोल्हापूर जिल्ह्याचे मोठे नुकसान केले व इचलकरंजीतील नदीकाठच्या वस्त्याही पाण्याखाली गेल्या. पुराच्या काळात सांडपाण्याच्या टाक्या, साठवलेला रासायनिक गाळ व रंगांचे साठे वाहून जाण्याचा धोका असतो. त्यामुळे नदीजवळच्या कारखान्यांसाठी पूररेषेचा विचार करून रसायने उंचावर साठवणे हाही पर्यावरणीय नियोजनाचा भाग आहे. एकाच नदीच्या बाबतीत पावसाळ्यात अतिरिक्त पाणी आणि उन्हाळ्यात साठलेले, दूषित पाणी अशा दोन टोकांना या उद्योगाला तोंड द्यावे लागते.

हे सुद्धा पहा

- इचलकरंजी
- पंचगंगा नदी
- यंत्रमाग
- कोल्हापूर पद्धतीचा बंधारा
- जलप्रदूषण
- महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ
- सेंद्रिय कापूस